झिरो माइल, उमेदवार

मे महिना. कूलरच्या पाण्यात वाळा मुरलेला.
मी अर्ज भरला.
अनामत नाही, सूचक नाही, जातीचा दाखला नाही.
फक्त एक नाव, सहा वर्षांपूर्वी
काही सुचेना म्हणून ठेवलेलं: झिरो माइल.

तिकडे सूर्य चारशे, आणि एकाचंही ऊन लागत नाही.
तिथले लोक विचारतात, म्हणजे काय?
मी सांगते, आमच्या गावात एक दगडी खांब आहे,
शेजारी चार घोडे,
कधीचे धावत सुटलेले, कुठेच न गेलेले.
म्हणतात, तिथून सगळी अंतरं मोजली.
ग्दान्स्कचा एक ट्रकवाला लिहितो, बरं आहे तुझं,
माझ्यापासून कुणी काही मोजलं नाही अजून.
त्याचं मत पहिलं.

मनपाच्या शाळेत सतरा वर्षं. निवडणुकीच्या ड्यूट्या पाच.
हुडकेश्वर रोडच्या वर्गखोलीत
बोटं धरधरून शाई लावली मी.
हळदीची बोटं, ग्रीसची,
एक नुसतंच अर्धं,
त्या बाईनं मी न विचारता शेजारचं पुढे केलं.
लाख वितळवली, एजंटांच्या सह्या घेतल्या,
रात्री अकराला पेट्या मांडीवर घेऊन बसमध्ये डुलक्या.
ढोमणे सर म्हणायचे, मॅडम, आपण मोजायचं, मागायचं नाही.
आता मागायला बसले तर
पहिली ओळ सात वेळा खोडली.

जाहीरनामा म्हणावा असा काही नव्हता.
खाणीतला माल घेऊन येणाऱ्यांना सीमेवर लुटतात, ते थांबवा.
नवख्याला पहिल्याच आठवड्यात जाळू नका.
आणि सर्व्हर रोज पावणेपाचला बंद करता,
तेव्हा मी शाळेतून येऊन नुकती पदर खोचलेला सोडते,
एक तास सरकवा ना.

मोठ्या युत्यांच्या याद्या आधीच ठरलेल्या:
पहिली पसंती कुणाला, दहावी कुणाला.
त्यांच्यातला एक म्हणाला, आमच्यात ये, नवव्या क्रमांकावर घेतो.
मी म्हटलं, घरी विचारते.

घरी हे म्हणाले, काय करून राहिली तू रात्ररात्र?
सांगितलं.
पगार?
नाही.
भत्ता तरी?
वर्षातून एकदा थंड देशात नेतात, कंपनीसमोर बसवतात.
मंग स्वेटर घ्यावं लागंल, म्हणाले,
आणि कूलरचं तोंड माझ्याकडे वळवून झोपले.

कामठीचा अफरोज आपल्या जुन्या मालवाहू जहाजावर
माझं नाव रंगवून एकतीस सूर्यमालांतून फिरला.
बत्तिसावीत त्याला जाळलं.
मॅडम, जहाज गेलं, पण तिघांनी विचारलं, ही कोण.

उमेदवारांच्या सभेत माझी पाळी आली
आणि मानेवाड्याची लाइट गेली.
वाक्य असं होतं: आपण लहान आहोत म्हणून
पुढचं कुणी ऐकलंच नाही.
दुसऱ्या दिवशी एकानं कौतुक केलं,
काय थांबलात हो, अंगावर काटा आला.

मोजणी बघत बसले, सवयीनं कागद-पेन घेऊन.
तिथे पडलेल्या उमेदवाराची मतं
पुढच्या पसंतीकडे चालू लागतात.
ढोमणे सर, तुम्ही हवे होतात.
अकराव्या फेरीत मी पडले. चारशे बारा.
माझ्या डोळ्यांदेखत त्यातली दीडशे
त्या नवव्या क्रमांकवाल्याकडे गेली,
साठ एका चिलीच्या नर्सकडे,
बाकीच्यांनी माझ्यापुढे कुणाचं नावच लिहिलं नव्हतं.
ती तशीच थांबली.
ट्रकवाल्याचं त्यात असावं.

पहाटे अफरोजचा निरोप: पुढच्या वर्षी?
मी त्याला नव्या जहाजापुरते पैसे पाठवले,
तिथलेच, इथले कुठले असायला.
नळाचा आवाज आला.
बादली घेऊन उठले, कूलर भरायचा होता.